गंभीर मनोविकार आणि कुटुंब : भाराची वाटणी कशी करावी

स्किझोफ्रेनिया म्हणजे छिन्नमनस्कता, बायपोलर म्हणजे द्विध्रुवीय भावविकार, आणि भास-भ्रमांसह येणारे तीव्र नैराश्य यांना मानसोपचारशास्त्रात गंभीर मनोविकार म्हटले जाते. हे आजार वर्षानुवर्षे टिकतात किंवा पुन्हा पुन्हा उलटतात, विचार, भावना आणि वास्तवाचे भान या तिन्हींवर परिणाम करतात, आणि बहुधा ऐन तारुण्यात, शिक्षण संपत आलेले असताना आणि घरात नोकरी-लग्नाच्या गोष्टी निघू लागलेल्या असताना सुरू होतात. बंगळूरच्या निम्हान्स या संस्थेने २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात असे दिसले, की गंभीर मनोविकार असलेल्या दर चार व्यक्तींपैकी जवळजवळ तीन उपचारांच्या बाहेर आहेत. यांतल्या काही रस्त्यावर भटकताना दिसतात हे खरे, परंतु बहुतेक जण कोणाच्या तरी घरात, कोणाच्या तरी देखरेखीखाली दिवस काढत असतात, आणि ते घर औषधाच्या आधाराशिवाय हा भार वाहत असते.

भारतात मनोरुग्णाची काळजी मुख्यतः कुटुंबानेच घेतली आहे. १९५० च्या दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी रुग्णांच्या नातेवाइकांना रुग्णालयाच्या आवारात तंबूंत राहण्यास बोलावले, त्यांना आजार समजावून सांगितला आणि उपचारांत सहभागी करून घेतले. पुढे वेल्लोरचे ख्रिश्चन मेडिकल कॉलेज आणि निम्हान्स यांनीही हाच मार्ग धरला. त्या प्रयोगात कुटुंब उपचारांचे भागीदार होते आणि त्याला शिकवणारे कोणीतरी सोबत होते. आज मात्र महिन्यातून एकदा बाह्यरुग्ण विभागात काही मिनिटांची भेट मिळते आणि उरलेला सगळा काळ कुटुंब एकटे असते. त्यातही घरातील पाच-सहा माणसांपैकी प्रत्यक्षात एकच व्यक्ती, बहुधा आई, पत्नी किंवा अविवाहित बहीण, सर्व काही करते. हा भार एकाच व्यक्तीवर न ठेवता सुरुवातीपासून ठरवून वाटून घेणे ही केवळ न्यायाची गोष्ट नाही, तो उपचारांचाच भाग आहे, कारण काळजी घेणारी व्यक्ती खचली की औषधे चुकतात, तपासण्या राहतात आणि आजार उलटतो. पुण्याची स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन आणि ठाण्याची इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ यांच्या कामातून काळजी घेणाऱ्यासाठी ‘शुभंकर’ आणि आजारी व्यक्तीसाठी ‘शुभार्थी’ असे शब्द महाराष्ट्रात रुळले आहेत. पुढील विवेचनात तेच वापरले आहेत.

संशोधकांनी या भाराचे दोन भाग मानले आहेत. होनिग आणि हॅमिल्टन या ब्रिटिश अभ्यासकांनी १९६६ मध्ये वस्तुनिष्ठ भार आणि व्यक्तिनिष्ठ भार असा भेद केला : पहिल्यात औषधांचा खर्च, बुडालेली मजुरी, मोडलेली झोप, बंद पडलेले येणेजाणे अशा बाहेरून मोजता येणाऱ्या गोष्टी येतात, तर दुसऱ्यात त्या गोष्टी सोसणाऱ्याला किती जड वाटतात, त्याचा समावेश होतो. बंगळूरमध्ये पै आणि कपूर यांनी १९८१ मध्ये भारतीय कुटुंबांसाठी जी मुलाखत-अनुसूची तयार केली, तिच्यात आर्थिक झळ, रोजच्या कामांतील व्यत्यय, विरंगुळ्याचा अभाव, घरातील परस्परसंबंध आणि इतरांच्या शारीरिक व मानसिक प्रकृतीवर झालेला परिणाम अशी अंगे स्वतंत्रपणे तपासली जातात. कुटुंबानेही वर्षातून एक-दोनदा एकत्र बसून नेमक्या याच अंगांनी स्वतःकडे पाहावे, कारण ‘फार त्रास होतो’ या वाक्यातून कोणाला काय मदत करता येईल ते कळत नाही, परंतु ‘रात्री दोन वाजता तो उठतो आणि त्यानंतर आईला झोप मिळत नाही’ असे म्हटले की भावाला किंवा वडिलांना आपला वाटा दिसतो.

व्यक्तिनिष्ठ भारात सर्वांत खोल बोचणारी गोष्ट म्हणजे अपराधभाव. मुलाला लहानपणी फार मारले, परीक्षेसाठी फार दबाव टाकला, परगावी वसतिगृहात ठेवायला नको होते, अशी खंत आईवडील वर्षानुवर्षे उगाळत राहतात आणि नातेवाईकही त्यात भर घालतात. एके काळी शास्त्राने देखील हा दोष आईवर ठेवला होता. १९४८ मध्ये फ्रीडा फ्रॉम-राइशमन यांनी आईच्या वागण्यातून स्किझोफ्रेनिया निर्माण होतो अशी कल्पना मांडली आणि पुढची दोन-तीन दशके पाश्चात्त्य देशांतील असंख्य माता तिच्या ओझ्याखाली दबल्या. पुढील संशोधनाने ही कल्पना फेटाळली. आनुवंशिक प्रवृत्ती, मेंदूच्या विकासातील आणि रासायनिक क्रियांतील फरक, आणि ताण, गांजासारखी व्यसने यांसारखे परिस्थितीतील घटक यांच्या संयोगातून हे आजार उद्भवतात. संगोपनातील साध्या चुकांमुळे ते होत नाहीत. हे घरातील प्रत्येकाला, विशेषतः दोष देणाऱ्या आत्या-मावश्यांना, डॉक्टरांच्या तोंडून ऐकू द्यावे. त्यासाठी एखाद्या भेटीत त्यांनाही सोबत न्यावे.

आजार कुटुंबामुळे होत नाही, परंतु तो उलटण्याचा धोका घरातील वातावरणामुळे वाढू किंवा घटू शकतो, आणि इथे कुटुंबाच्या हाती खरोखर काही आहे. लंडनमध्ये जॉर्ज ब्राउन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रुग्णालयातून घरी गेलेल्या रुग्णांचा मागोवा घेतला, तेव्हा त्यांना असे आढळले की ज्या घरांत सतत टीका, शत्रुत्वाची भावना किंवा अतिरेकी गुंतवणूक होती, तिथे आजार अधिक वेळा उलटला. या तीन गोष्टींना मिळून ‘अभिव्यक्त भावना’ असे पारिभाषिक नाव मिळाले. पुढे चंडीगढमध्ये याच पद्धतीने झालेल्या अभ्यासात भारतीय नातेवाइकांमध्ये तिचे प्रमाण लंडनपेक्षा बरेच कमी आढळले. एकत्र राहणाऱ्या, माणसाला कामात सामावून घेणाऱ्या घरांत सहनशीलता अधिक असते असा त्याचा एक अर्थ लावला जातो. तरीही घरे लहान झाली, मदतीचे हात कमी झाले आणि एकच माणूस दिवसरात्र समोरासमोर राहू लागला, की तीच सहनशीलता आटते. टीका करणारी पत्नी प्रेमशून्य असते असे समजण्याचे कारण नाही. बहुतेकदा ती थकलेली असते.

टीका कशावर होते, ते नीट पाहिले तर तिचा मोठा भाग गैरसमजातून येतो असे दिसते. स्किझोफ्रेनियाची लक्षणे दोन प्रकारची असतात : भास, भ्रम, असंबद्ध बोलणे ही ठळक दिसणारी लक्षणे, आणि उत्साह आटणे, बोलणे कमी होणे, अंघोळ टाळणे, तासन्‌तास पडून राहणे ही उणेपणाची लक्षणे. पहिल्या प्रकाराला कुटुंब आजार मानते, परंतु दुसऱ्याला आळस, हट्ट किंवा ‘बसून खाण्याची सवय’ म्हणते. भास-भ्रम औषधांनी तुलनेने लवकर ओसरतात. उणेपणाची लक्षणे मात्र रेंगाळतात, आणि ‘आता बरा झालाय ना, मग उठून कामाला का लागत नाही’ हा प्रश्न घरात रोज विचारला जाऊ लागतो. अशा वेळी दिवसाचे एकच छोटे काम ठरवून द्यावे, जसे सकाळी दूध आणणे, कपडे वाळत घालणे, झाडांना पाणी घालणे. ते झाले की त्याची दखल घ्यावी, न झाले तर दुसऱ्या दिवशी पुन्हा शांतपणे आठवण करावी. सूचना एका वेळी एक आणि छोट्या वाक्यात असावी, कारण या आजारात लक्ष टिकवणे आणि लांब बोलणे मनात धरून ठेवणे अवघड जाते.

भ्रमाच्या बाबतीत दोन टोके टाळावी लागतात. शेजारी आपल्यावर पाळत ठेवतात, असे शुभार्थीला ठामपणे वाटत असेल तर ‘असे काही नाही, तुझे डोके फिरले आहे’ असा वाद घालून उपयोग होत नाही. भ्रम म्हणजे पुराव्याने न ढळणारा विश्वास, त्यामुळे युक्तिवादाने तो अधिक घट्ट होतो. दुसरीकडे ‘हो, ते वाईटच लोक आहेत’ अशी मान डोलावली तर त्या विश्वासाला घरातूनच पुष्टी मिळते. ‘मला तसे दिसत नाही, परंतु तुला भीती वाटते हे मला कळते, आपण दार लावून घेऊ आणि थोडा वेळ इथे बसू’ असे बोलण्याने भ्रम जात नाही, तरी भीती कमी होते आणि शुभार्थीचा त्या माणसावरचा विश्वास टिकतो. पुढे औषध घेण्याची वेळ येते, तेव्हा हा विश्वासच कामी येतो.

औषध नाकारणे हा बहुतेक घरांतील रोजचा संघर्ष असतो. आपल्याला काही झालेलेच नाही असे वाटणे हे बहुधा आजाराचेच लक्षण असते, त्याला मर्मदृष्टीचा अभाव म्हणतात. त्यामुळे ‘तू आजारी आहेस, म्हणून गोळी घे’ हा आग्रह निष्फळ ठरतो, आणि ‘गोळी घेतली की झोप लागते, चिडचिड कमी होते’ असे शुभार्थीला स्वतःला पटणारे कारण अधिक चालते. चहात किंवा भाजीत गोळी मिसळण्याचा मार्ग अनेक घरांत धरला जातो. तो उघड झाला की शुभार्थी घरातील अन्नच संशयाने टाळू लागतो, आणि ज्याला आधीच विषप्रयोगाचा भ्रम आहे त्याचा भ्रम खरा ठरतो. त्याऐवजी डॉक्टरांशी बोलून दोन ते चार आठवड्यांनी द्यायच्या दीर्घकाळ परिणाम करणाऱ्या इंजेक्शनांचा विचार करावा. त्यामुळे रोजची कटकट थांबते आणि घरातील संबंधांवरचा ताणही उतरतो.

नकारामागे कधी कधी दुष्परिणाम असतात आणि ते गांभीर्याने घ्यावेत. हातापायांत ताठरपणा, थरथर, लाळ गळणे, बेचैनीने एका जागी बसता न येणे, वजन वाढणे, लैंगिक अडचणी यांबाबत शुभार्थी स्वतःहून बोलत नाही. शुभंकराने त्या टिपून डॉक्टरांना सांगाव्यात, कारण बहुतेकांवर मात्रा बदलून किंवा दुसरे औषध देऊन उपाय करता येतो. काही औषधांना नियमित तपासणी अपरिहार्य असते. लिथियम घेणाऱ्याच्या रक्तातील त्याची पातळी, थायरॉइड आणि मूत्रपिंडांचे काम ठरावीक अंतराने तपासावे लागते. पातळीसाठी रक्त शेवटच्या गोळीनंतर सुमारे १२ तासांनी द्यावे लागते. जुलाब-उलट्यांनी शरीरातील पाणी कमी झाले किंवा आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांसारख्या वेदनाशामक गोळ्या घेतल्या तर पातळी धोकादायक वाढू शकते, आणि तोल जाणे, मोठी थरथर, उलट्या किंवा गोंधळलेपणा दिसला तर पुढची गोळी न देता तत्काळ रुग्णालय गाठावे लागते. क्लोझापीन सुरू असताना पांढऱ्या पेशी घटण्याचा धोका असल्याने पहिले १८ आठवडे दर आठवड्याला आणि पुढेही नियमित रक्ततपासणी करतात. त्या काळात ताप आला किंवा घसा दुखला तर ती साधी सर्दी मानू नये. बरे वाटू लागल्यावर औषध बंद करण्याचा निर्णय घरात कोणीही परस्पर घेऊ नये, कारण पहिल्या झटक्यानंतरही सर्वसाधारणपणे किमान एक ते दोन वर्षे, आणि वारंवार उलटणाऱ्या आजारात त्याहून बराच अधिक काळ उपचार चालू ठेवावे लागतात.

आजार उलटण्याआधी बहुधा काही दिवस किंवा आठवडे त्याची चाहूल लागते आणि त्या त्या शुभार्थीत ती दर वेळी थोड्याफार फरकाने तशाच क्रमाने येते. झोप कमी होणे हे त्यातले एक महत्त्वाचे चिन्ह आहे; त्याबरोबर एकाला देवधर्माचा अचानक ओढा लागतो, दुसरी व्यक्ती भरमसाठ खरेदी आणि रात्री-अपरात्री फोन सुरू करते, तिसरी खोलीचे दार आतून लावून घेऊ लागते. मागच्या दोन झटक्यांच्या आधी काय काय घडले होते ते शुभार्थी बरा असताना त्याच्यासोबत बसून लिहून काढावे, आणि यांपैकी दोन चिन्हे दिसली की डॉक्टरांना कोणी फोन करायचा, कामावरून कोणी रजा घ्यायची, लहान मुलांना कोणाकडे पाठवायचे हे त्याच कागदावर ठरवून ठेवावे. संकटाच्या रात्री असे निर्णय सुचत नाहीत, आणि सुचले तरी ते सगळे एकाच व्यक्तीवर येऊन पडतात.

याच बऱ्या काळात एक कायदेशीर काम उरकून घ्यावे. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार प्रत्येक सज्ञान व्यक्तीला आपला ‘नामनिर्देशित प्रतिनिधी’, म्हणजे आजारात आपल्या वतीने उपचारविषयक निर्णयांत साहाय्य करणारी व्यक्ती, निवडता येते; ही निवड साध्या कागदावर लिहून सही किंवा अंगठा केला तरी पुरते. निवड केलेली नसेल तर नातेवाईक ही भूमिका घेऊ शकतो, परंतु सासर आणि माहेर, किंवा दोन भाऊ यांच्यात मतभेद असतील तिथे लेखी नाव नसल्याने मोलाचा वेळ वाया जातो. शुभार्थीने स्वतःहून दाखल होणे हा उत्तम मार्ग. तो शक्य नसेल आणि स्वतःला किंवा इतरांना इजा होण्याचा धोका असेल, अथवा स्वतःची काळजी घेण्याची क्षमता धोकादायक रीतीने ढासळली असेल, तर प्रतिनिधीच्या अर्जावरून आणि दोन तज्ज्ञांच्या स्वतंत्र तपासणीनंतर ३० दिवसांपर्यंत दाखल करता येते. त्यानंतरचा मुक्काम कठोर निकषांवर आणि मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाच्या देखरेखीखाली वाढवता येतो. तातडीच्या प्रसंगी जवळच्या कोणत्याही आरोग्यसंस्थेत नोंदणीकृत डॉक्टर ७२ तासांपर्यंत उपचार देऊ शकतो. पोलिसांची मदत ११२ वर मागताना फोनवरच ‘हा गुन्हा नसून मनोविकाराचा प्रसंग आहे’ असे स्पष्ट सांगावे. संरक्षणात घेतलेल्या मनोरुग्णाला कोठडीत ठेवता येत नाही, २४ तासांच्या आत आरोग्यसंस्थेत न्यावे लागते, असे हाच कायदा सांगतो. गाडी पाठवून माणसाला उचलून नेणारी आणि महिनोन्‌महिने कोंडून ठेवणारी खासगी केंद्रे थकलेल्या कुटुंबाला आकर्षक वाटतात, परंतु केंद्र राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे नोंदलेले आहे का आणि तिथे मानसोपचारतज्ज्ञ नियमित येतो का, हे पाहिल्याशिवाय कोणालाही तिथे सोपवू नये.

महाराष्ट्रात ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी येथे शासनाची प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत, गोव्यात बांबोळी येथे मानसोपचार व मानवी वर्तन संस्था आहे, आणि जिल्हा रुग्णालयांत जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमांतर्गत सेवा मिळते. गावाजवळच्या रुग्णालयात नियमित औषध मिळत असेल तर दूरच्या मोठ्या नावामागे लागण्यापेक्षा तेच पत्करावे, कारण सातत्य अधिक महत्त्वाचे आहे. १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेल्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र आणि निःशुल्क चालतो, मराठीतही बोलता येते, आणि शुभंकरालाही स्वतःसाठी तिथे फोन करता येतो. जगण्यात अर्थ नाही, सगळ्यांची सुटका करतो, असे शुभार्थी बोलू लागला तर ती धमकी मानून दुर्लक्ष करू नये. त्याला थेट, शांतपणे ‘जीव द्यावासा वाटतो का’ असे विचारावे, विचारल्याने तो विचार मनात पेरला जात नाही. औषधांचा साठा, कीटकनाशके, दोर यांसारख्या वस्तू दूर कराव्यात, त्याला एकटे सोडू नये आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

दर्गा, देवस्थान, देवऋषी यांच्याकडे जाण्याबद्दल कुटुंबाला दोष देणे सोपे असते, परंतु डॉक्टरने वेळ दिला नाही आणि तिथे कोणी तरी ऐकून घेतले, अशीही अनेक घरांची हकीकत आहे. श्रद्धेने दर्शनाला जाण्यात अडचण नाही. औषध थांबवणे, उपाशी ठेवणे, मारहाण करणे आणि साखळीने बांधणे याला मात्र कोणत्याही परिस्थितीत संमती देऊ नये. ६ ऑगस्ट २००१ रोजी तमिळनाडूतील एरवाडी येथे एका आश्रयगृहाला आग लागली, तेव्हा साखळ्यांनी जखडलेले मनोरुग्ण पळू शकले नाहीत आणि २८ जण मृत्युमुखी पडले. २०१७ च्या कायद्याने साखळीने बांधण्यास पूर्ण मनाई केली आहे, आणि भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधणे वा मारणे हा महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानुसार गुन्हा आहे. कामावर जाताना नाइलाजाने दार बाहेरून लावावे लागते असे सांगणाऱ्या घरांची अडचण खरी असते. त्यांना दिवसकेंद्राची, शेजाऱ्याच्या दोन तासांच्या सोबतीची किंवा दीर्घकाळ परिणाम करणाऱ्या इंजेक्शनाची गरज असते, आणि ती मागण्यात संकोच करू नये.

‘लग्न केले की ठीक होईल’ ही समजूत मात्र इतके नुकसान करते की तिच्याबद्दल सौम्यपणे लिहिणे अप्रामाणिक ठरेल. लग्न हा औषधोपचार नाही. नवे घर, नवी माणसे आणि नव्या जबाबदाऱ्या यांचा ताण आजार उलटवू शकतो, आणि आईच्या अंगावरचा भार न विचारता एका अनोळखी मुलीच्या अंगावर टाकला जातो. आजारी मुलीच्या बाबतीत तर तिला मुलासह माहेरी परत पाठवले जाते आणि आईवडिलांचा भार दुप्पट होतो. आजार लपवून केलेले लग्न फसवणुकीच्या आधारे रद्द होण्यासाठी न्यायालयात जाऊ शकते. आजार दीर्घकाळ स्थिर असेल, शुभार्थीला स्वतःला लग्न हवे असेल आणि समोरच्या व्यक्तीने डॉक्टरांना भेटून सर्व जाणून होकार दिला असेल, तर संसार चांगले झाल्याची उदाहरणे आहेत. मूल हवे असणाऱ्या स्त्रीने मात्र गर्भधारणेआधीच औषधांविषयी बोलून घ्यावे. विशेषतः सोडियम व्हॅल्प्रोएट गर्भाला अपायकारक ठरते.

भाराची वाटणी प्रत्यक्षात करताना ‘जमेल तसे सगळे करू’ असे ठरवले की ते पुन्हा एकाच व्यक्तीकडे येते. कोणी एकाने महिन्याचे औषध आणि रुग्णालयाची फेरी सांभाळावी, दुसऱ्याने पैसे आणि कागदपत्रे, तिसऱ्याने आठवड्यातील एक संध्याकाळ शुभार्थीसोबत घालवावी. पुण्या-मुंबईत किंवा परदेशात असलेल्या भावंडाने खर्चाचा ठरलेला हिस्सा आणि वर्षातून पंधरा दिवस प्रत्यक्ष येऊन मुख्य शुभंकराला मोकळे करण्याची जबाबदारी घ्यावी. नुसते पैसे पाठवणाऱ्याला हा आजार कधी कळत नाही, आणि न कळलेल्या आजाराबद्दल दिलेले सल्ले मुख्य शुभंकराला फार दुखवतात. लहान भावंडे व मुले यांनाही वयाला साजेशा शब्दांत आजार सांगावा. त्यांना काही न सांगितल्यास ती बहुधा स्वतःलाच कारण मानतात.

शुभंकराची प्रकृती हा डॉक्टरांच्या भेटीतला स्वतंत्र विषय असावा. सलग काही आठवडे झोप न लागणे, रडू येणे, कशातच मन न लागणे, रक्तदाब-साखर बिघडणे ही केवळ दमणूक नसून उपचार लागणारी अवस्था असू शकते. मारहाण होत असेल तर ‘आजारी आहे, काय करणार’ म्हणत ती सोसणे हे काळजी घेण्याचे लक्षण नाही. ती डॉक्टरांना प्रत्येक वेळी तपशिलाने सांगावी, उपचारांत बदल मागावा आणि त्या काळात सुरक्षित जागी जावे. शुभंकरांच्या स्वमदत गटांत, म्हणजे समान अनुभव असलेल्या लोकांच्या नियमित बैठकींत, मिळणारा आधार नातेवाइकांकडून क्वचितच मिळतो, कारण तिथे पहिल्यापासून काही समजावून सांगावे लागत नाही. पुण्याच्या स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशनची स्थापना डॉ. जगन्नाथ वाणी यांनी केली, ज्यांच्या पत्नीला स्किझोफ्रेनिया होता. २००४ मध्ये आलेल्या ‘देवराई’ चित्रपटात आजारी भावाला सांभाळणाऱ्या बहिणीचा ताण मध्यवर्ती आहे, आणि घरात या विषयावर बोलणे सुरू होत नसेल तर तो एकत्र पाहणे उपयोगी पडते.

कागदपत्रांचे काम कंटाळवाणे असले तरी त्यातून भाराचा आर्थिक भाग हलका होतो. दिव्यांग व्यक्तींचे हक्क कायदा, २०१६ मध्ये मनोविकाराचा समावेश आहे आणि ४० टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्व असेल तर प्रमाणपत्र व त्यावर आधारित सवलती मिळतात. मनोविकाराचे दिव्यांगत्व ‘आयडियाज’ या भारतीय मापनश्रेणीने ठरते, ज्यात स्वतःची देखभाल, इतरांशी संबंध, संवाद व आकलन आणि काम या चार क्षेत्रांतील अडचण आणि आजाराचा कालावधी पाहतात. म्हणून ‘बरे आहे’ असे सवयीने न सांगता या चारही क्षेत्रांतील खरी स्थिती आणि जुने केसपेपर प्रमाणपत्र देणाऱ्या वैद्यकीय मंडळासमोर ठेवावेत. या प्रमाणपत्रावर जुन्या करपद्धतीत कुटुंबाला ७५ हजार रुपयांची, आणि ८० टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्वात १ लाख २५ हजार रुपयांची वजावट मिळते. उत्पन्न अत्यल्प असेल तर तहसील कार्यालयात संजय गांधी निराधार अनुदान योजनेची चौकशी करावी. आरोग्यविम्यात मनोविकाराला शारीरिक आजाराच्याच आधारावर संरक्षण द्यावे असे २०१७ चा कायदा विमा कंपन्यांना बजावतो, त्यामुळे नाकारलेल्या दाव्यावर लेखी कारण मागावे. १९९९ चा राष्ट्रीय न्यास कायदा आणि त्याखालील पालकत्वाची सोय मात्र स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात (सेरेब्रल पाल्सी), बौद्धिक दिव्यांगत्व आणि बहुविकलांगता यांपुरती आहे. स्किझोफ्रेनिया किंवा बायपोलर त्यात येत नाहीत, आणि अनेक पालक त्या कार्यालयांत व्यर्थ खेटे घालतात.

आईवडिलांच्या पश्चात काय, हा प्रश्न त्यांच्या सत्तरीनंतर नव्हे, तर त्यांच्या अंगात धावपळीची शक्ती असताना हाताळावा लागतो. सरकारी नोकरी किंवा निवृत्तिवेतन असलेल्या पालकांनी, कमावण्यास असमर्थ असलेल्या अपत्याला कुटुंबनिवृत्तिवेतन मिळण्याच्या तरतुदीखाली त्याचे नाव व वैद्यकीय प्रमाणपत्र स्वतःच्या हयातीतच कार्यालयात नोंदवून घ्यावे. पालक गेल्यावर हेच काम भावंडांना वर्षानुवर्षे हेलपाटे मारायला लावते. घर किंवा ठेवी थेट शुभार्थीच्या नावे ठेवल्यास फसवणुकीचा धोका असतो, आणि २०१७ च्या कायद्यात मालमत्तेच्या पालकत्वाची तरतूद नसल्याने नंतर न्यायालयाचे दार ठोठावावे लागते. त्याऐवजी वकिलाच्या सल्ल्याने मृत्युपत्र करून खासगी न्यास स्थापावा, त्यात एका भावंडाबरोबर कुटुंबाबाहेरचा एक विश्वस्त असावा, आणि खर्चासाठी दरमहा किती रक्कम द्यायची ते लिहून ठेवावे. भावंडांशी याबद्दल बोलताना ‘तू त्याला सांभाळशील ना’ असे विचारले तर लाजेखातर होकार मिळतो आणि पुढे तो निभावता येत नाही. शुभार्थी त्यांच्या घरी राहील का, जवळच वेगळ्या खोलीत राहील का, की निवासी केंद्रात, तिथले पैसे कुठून येतील, औषधाची फेरी कोण करील, आणि त्यांच्या जोडीदाराचे यावर काय मत आहे, असे एकेक प्रश्न विचारावेत, शुभार्थीलाही त्या बैठकीत बसवून त्याची इच्छा विचारावी, आणि एखाद्या भावंडाने यातला एकच वाटा उचलायचे मान्य केले तर तेवढाच लिहून घेऊन बाकीच्यासाठी दुसरी सोय शोधायला लागावे.